सांगलीच्या डब्यासाठी स्ट्रॉबेरीच्या वड्या : ओट्यावरच्या नोंदी

५ जानेवारी, रविवार

महाबळेश्वरजवळच्या भिलारहून मावसभावाने चार किलो स्ट्रॉबेरी पाठवली आहे. मोठी, एकसारख्या आकाराची फळं खोक्यांत भरून बाजारात जातात. मागे उरते ती बारीक, वाकडी, देठाकडे पांढरट राहिलेली. चवीला ती कुठेही कमी नसते. "ताई, फेकवत नाही, तूच काहीतरी कर," एवढाच त्याचा निरोप.

काय करायचं ते ठरलेलं आहे. लेक सांगलीला होस्टेलवर असते. चिवडा, लाडू, वड्या सगळं पाठवून झालं. दिवाळीत ती म्हणाली होती, "आई, खाली बिस्किटासारखा थर, मध्ये फळ आणि वर भुरभुरीत चुरा, असलं काहीतरी कर ना." ती ज्याला क्रंबल बार म्हणते, त्याला आमच्याकडे आत्तापासूनच 'वडी' नाव पडलं आहे.

अटी अशा. अंडं नको, कारण सासूबाईंनाही खाता आलं पाहिजे. स्वारगेटहून सांगलीपर्यंतचे पाच-सहा तास डब्यात सहन झाले पाहिजेत. फ्रीजशिवाय तीन दिवस टिकलं पाहिजे. आणि तोंडात आधी स्ट्रॉबेरी लागली पाहिजे, साखर नंतर.

आजचा पहिला घाणा : मैदा, ओट्स, साखर आणि बटर चोळून अर्धं मिश्रण ट्रेमध्ये थापलं. त्यावर अर्धा किलो स्ट्रॉबेरीच्या फोडी, साखर आणि दोन चमचे कॉर्नफ्लोअर. वरून उरलेला चुरा. १८०वर पन्नास मिनिटं.

वास सुरेख आला, वरचा रंगही छान. कापायला गेले तर खालचा थर लिबलिबीत, शिऱ्यासारखा. सगळ्यांनी वाटीत घेऊन चमच्याने खाल्लं, आवडलंही. पण ही वडी नव्हे.

९ जानेवारी, गुरुवार

दुरुस्तीसाठी वीज बंद, संध्याकाळी पाचला आली. दुपारी रविवार पेठेत जाऊन बोहरी आळीतून आठ इंची चौकोनी ट्रे, बटर पेपर आणि ओव्हनमध्ये ठेवायचा तापमापक आणला. रात्री ओटीजी रिकामा तापवून पाहिला. बटण १८०वर, आत १६०. पुढच्या सगळ्या नोंदींत आकडा तापमापकाचा, बटणाचा नव्हे.

१२ जानेवारी, रविवार

हिशेब मांडून बसले. स्ट्रॉबेरीत दर शंभर ग्रॅमला नव्वदच्या आसपास पाणीच असतं. म्हणजे अर्धा किलो फोडी पसरताना मी कच्च्या पिठावर जवळजवळ साडेचारशे मिलिलिटर पाणी ओतलं होतं. दोन चमचे कॉर्नफ्लोअर त्याला कुठे पुरणार? शिवाय कॉर्नफ्लोअरला घट्ट व्हायला चांगली उकळी लागते. ट्रेच्या मध्यभागी ती बहुधा आलीच नाही. कडेचा भाग घट्ट होता आणि मधला वाहत होता, त्याचं कारण हेच.

आज दोन बदल केले. खालचा थर आधी एकटाच पंधरा मिनिटं भाजला, कडा बदामी होईपर्यंत. त्यावर एक मोठा चमचा भाजलेला बारीक रवा भुरभुरवला. सुटलेला रस पिठापर्यंत पोचायच्या आत रवा पिऊन घेईल, हा विचार.

खालचा थर खरंच वाचला. कापता आला, हातात धरता आला. पण फळ अजून घसरतं. वडी उचलली की मधला थर एका बाजूने पुढे येतो. आणि रात्री झाकून ठेवलेली वडी सकाळी पुन्हा मऊ. पाणी निघालं नव्हतं, नुसतं थांबलं होतं.

१४ जानेवारी, मंगळवार, संक्रांत

आज ओव्हन बंद, गुळाच्या पोळ्या. सासूबाई गूळ मळत होत्या आणि मी पारी लाटत होते. सारण घट्ट वाटलं म्हणून मी दुधाचा हात लावायला निघाले, तर म्हणाल्या, "अगं थांब. गूळ आणि कणीक सारखी मऊ हवी. गूळ सैल झाला की पोळी फुटते, घट्ट झाला की कडेपर्यंत जात नाही." हे वाक्य मी पंचवीस वर्षं ऐकते आहे. आज ते ऐकताना डोळ्यांपुढे ट्रे आला.

मी पीठ एका बाजूला बघत होते आणि फळ दुसऱ्या बाजूला. वडीत भाजलेल्या पिठाचा कोरडेपणा आणि फळाचा ओलावा यांची गाठ पडणार असते. फळ ट्रेमध्ये जाण्याआधीच सारण झालं पाहिजे. गुळाच्या पोळीत कुणी नुसता चिरलेला गूळ भरत नाही, त्यात भाजलेलं बेसन आणि तिळाचं कूट घालून त्याला आवरून घेतात. तसंच फळालाही आवरायला हवं.

१९ जानेवारी, रविवार

सारण शिजवलं. स्ट्रॉबेरी अर्धा किलो, साखर २५० ग्रॅम. जॅम १०५ अंशांवर आळतो असं पुस्तकात वाचलं होतं, म्हणून पाकाचा तापमापक लावून १०५ येईपर्यंत आटवत राहिले. येता येईना. आला तेव्हा पातेल्यात गडद तपकिरी लाल, चिकट गोळा होता. भाजून गार झाल्यावर तो दाताला चिकटला. सासूबाईंनी एक घास घेतला आणि वडी हळूच बशीत ठेवली. त्यांच्या कवळीचा विचार मी करायला हवा होता.

चूक कुठे झाली ते संध्याकाळी उमगलं. पुस्तकातला आकडा समुद्रसपाटीचा आहे, जिथे पाणी १०० अंशांना उकळतं. पुणं साडेपाचशे मीटरच्या वर आहे. इथे साधं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. जॅमचं तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा साधारण पाच अंश वर असतं, म्हणजे आपल्याकडे १०३च्या आसपास थांबायचं. मी वरचे दोन अंश गाठण्यासाठी जॅममधलं हवं ते पाणीही उडवलं. शिवाय मला जॅम करायचाच नव्हता. एवढी साखर घातली की स्ट्रॉबेरीची आंबट धार मरते.

तापमापक कपाटात. यापुढे वजन बघायचं आणि बशीवरचा थेंब बघायचा.

२६ जानेवारी, रविवार

आजची नोंद मोठी होणार, कारण आज जमलं.

अडचण अशी होती : साखर कमी ठेवायची तर सारण आळणार कशाने? फळाला जेलीसारखं आळवतं ते त्याच्यातलं पेक्टिन, आणि स्ट्रॉबेरीत ते फार थोडं. कॉर्नफ्लोअर वाढवलं की रंग दुधट होतो आणि जिभेवर पिठूळ लागतं. बाजारात पेक्टिनची पूड मिळते, पण काल मंडईत गेले आणि आत शिरताच पेरूचा वास आला.

माझी आजी थंडीत पेरूची जेली करायची. पेरूच्या फोडी बुडतील एवढ्या पाण्यात उकळायच्या, मलमलच्या फडक्यात बांधून रात्रभर नळाला टांगायच्या. आम्ही मुलं गाठोडं दाबायला जायचो आणि ती ओरडायची, "पिळू नका, गढूळ होईल!" सकाळी त्या पाण्यात साखर आणि लिंबू घालून उकळलं की बाटलीत माणकाच्या रंगाची जेली थरथरत उभी. बाहेरून काही घालावं लागत नसे, कारण पेरूतच भरपूर पेक्टिन. फळ पिकायला आलेलं पण बोटाला कडक लागणारं हवं. पूर्ण पिकून मऊ झालं की ती ताकद उतरते.

मंडईतल्या मावशींना तसेच पांढऱ्या गराचे दोन पेरू निवडून मागितले. त्या म्हणाल्या, "सरदार आहेत ताई, डोळे झाकून घ्या." सरदार म्हणजे लखनौ-४९. नाव लखनौचं असलं तरी ही जात १९२७ साली निवडली गेली ती इथेच, आपल्या गणेशखिंडच्या फळ संशोधन केंद्रात. पुण्याच्या पेरूने महाबळेश्वरच्या डोंगरावरच्या स्ट्रॉबेरीला धरून ठेवावं, हे मला फार आवडलं.

कृती जशी केली तशी लिहिते. स्ट्रॉबेरी अर्धा किलो, चार-चार फोडी, त्यावर साखर १३० ग्रॅम, एक तास झाकून. तासाने चाळणीवर उपसलं तर खाली वाटीभर लाल रस. दोन पेरू चिरून थोड्या पाण्यात मऊ शिजवले, पुरणयंत्राच्या बारीक जाळीतून काढले, बिया राहिल्या त्या गाळणीने. गर मिळाला १५० ग्रॅम.

आता महत्त्वाचं : आधी फक्त रस आणि पेरूचा गर एकत्र उकळला, निम्मा होईपर्यंत. फोडी त्यानंतर टाकल्या. पाणी रसात असतं, चव फोडीत. ज्याला आटायचं आहे त्याने आटावं, फोडींना उगीच का शिजवायचं? फोडी पडल्यावर बारा मिनिटं मध्यम आचेवर. शेवटी एक मोठा चमचा लिंबाचा रस आणि चिमूट मीठ.

थांबायचं कधी, ते वजनावर. रिकाम्या पातेल्याचं वजन आधी लिहून ठेवलं होतं. सगळं मिळून सुरुवातीला ७८० ग्रॅम होतं, ४२० राहिलं तेव्हा गॅस बंद. गार बशीवर थेंब टाकला, मिनिटभराने बोटाने ढकलला. सुरकुती पडली आणि थेंब जागचा हलला नाही.

रंग लालच राहिला. पेरूचा वास मागे, अगदी मागे आहे. ज्याला सांगितलं नाही त्याला कळत नाही. सासूबाईंना कळला. चघळत म्हणाल्या, "यात पेरू आहे." मग दुसरी वडी घेतली.

२८ जानेवारी, मंगळवार

आता वरचा चुरा. घरात दोन पक्ष आहेत. ह्यांना बिस्किटासारखे खडे हवेत, सासूबाईंना नानकटाईसारखं रवाळ.

खरं तर हे आपलं मोहनच आहे. शंकरपाळ्याच्या पिठाला चोळतो तसं स्निग्ध पदार्थ पिठाच्या कणाकणाला चोळायचा, म्हणजे पाणी लागलं तरी पीठ चिवट होत नाही. कसोटीही तीच : मूठ आवळली की मुटका झाला पाहिजे आणि अंगठ्याने दाबला की मोडला पाहिजे.

अर्धं अर्धं पीठ घेऊन दोन प्रकार भाजले. एकात बाजारचं पिवळं बटर, एकात घरचं तूप. बटरमध्ये ८० टक्के स्निग्धांश, उरलेल्यात मुख्यतः पाणी आणि मीठ. तूप म्हणजे जवळजवळ निव्वळ स्निग्धांश. म्हणून १०० ग्रॅम बटरच्या जागी ८० ग्रॅम तूप धरलं. बटरच्या चुऱ्याचे खडे आपोआप झाले, कारण त्यातलं पाणी पिठाला धरतं. तुपाचा चुरा वासाला कितीतरी सरस, तोंडात विरघळणारा, पण वाळूसारखा सुटा.

निकाल दोन्हींच्या बाजूने दिला. खालचा थर बटरचा, कारण त्याला उचलायचं आहे आणि प्रवास करायचा आहे. वरचा तुपाचा, एक चमचा गार दूध शिंपडून. त्या पिठाचे घट्ट मुटके वळायचे, अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवायचे आणि मग हाताने मोडायचे. चण्याएवढे खडे आणि थोडी भुकटी, दोन्ही मिळतं.

घरचं लोणीही वापरून पाहिलं. त्यातलं ताक पूर्ण धुऊन निघत नाही, दर वेळी पाणी वेगळं येतं. ते तुपासाठीच बरं.

२ फेब्रुवारी, रविवार

पहिला डबा स्वारगेटहून गेला. शेजारच्या काकू माहेरी निघाल्या होत्या, त्यांच्याकडे दिला. सोळा वड्या, दोन थरांत, मध्ये बटर पेपर.

रात्री फोन आला. "आई, चव एकदम भारी! पण वरचा चुरा सगळा डब्याच्या तळाशी आहे. आम्ही तो दह्यात घालून खाल्ला."

चवीचं ऐकून बरं वाटलं. पण चुरा पडता कामा नये. दोन कारणं सुचतात. चुरा मी फळावर नुसता पसरला होता, तो कुठेच धरलेला नव्हता. आणि भाजून दीड तासातच वड्या पाडल्या होत्या. तेव्हा मधलं सारण कोमट होतं, सुरी फिरली तशी खड्यांची मुळं सुटली.

९ फेब्रुवारी, रविवार

आज सगळं नीट, घाई न करता. पुढच्या वर्षी शोधावं लागू नये म्हणून मापं इथेच लिहून ठेवते, आठ इंची ट्रेसाठी.

खालच्या थराला मैदा १५०, मिक्सरमधून जाडसर फिरवलेले ओट्स ४०, पिठीसाखर ५०, बटर १०० ग्रॅम. बटरमध्ये मीठ असतंच, वेगळं घालायचं नाही. वाटीच्या बुडाने ट्रेमध्ये थापून, काट्याने टोचून, १८०वर पंधरा मिनिटं. वरच्या थराला मैदा ८०, कणीक ३०, अख्खे ओट्स ३०, साखर ५०, तूप ५५ ग्रॅम, चिमूट मीठ, वेलची अगदी एक दाणा, आणि दुधाचा चमचा. वेलची जास्त झाली की स्ट्रॉबेरी दबते. जायफळ तर नकोच. सारण २६ तारखेचं, त्यात काही बदल नाही. ते गार झाल्यावरच पसरायचं, त्याआधी भाजलेल्या थरावर रवा.

चुरा दोन हप्त्यांत घातला. पहिला निम्मा, भुकटीचा, सारणावर पसरून तळव्याने हलकेच दाबला, म्हणजे तो सारणात थोडा रुतला. त्यावर खडे. १७५वर पस्तीस मिनिटं, कडेला सारणाचे जाड, सावकाश फुटणारे बुडबुडे दिसेपर्यंत. बुडबुडे भराभर फुटत असतील तर पाणी अजून आहे, पाच मिनिटं वाढवायची.

बाहेर काढून रात्रभर ट्रेमध्येच ठेवलं. घरातल्या सगळ्यांना हात लावायला मनाई.

१० फेब्रुवारी, सोमवार

सकाळी बटर पेपरला धरून अख्खा तुकडा वर काढला आणि लांब सुरीने, न घासता सरळ दाबून वड्या पाडल्या. दर कापाला सुरी पुसली. कापाच्या बाजूने पाहिलं तर तीन थर वेगवेगळे दिसतात : खाली बदामी, मध्ये बोटाच्या पेराएवढा नाही पण चांगला ठसठशीत लाल, वर खडबडीत सोनेरी. वडी आडवी धरली, उलटी केली. दोन-चार कण पडले.

चार वड्या मुद्दाम साध्या स्टीलच्या डब्यात ओट्यावर ठेवल्या आहेत. रोज एक खाऊन बघायची.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पहिल्या दिवशी वरचा थर कुरकुरीत. दुसऱ्या दिवशी जरा नरम, पण चव उलट मुरलेली. माझ्या मते हीच खाण्याची खरी वेळ. तिसऱ्या दिवशी मऊ, तरी शाबूत, आणि वास स्वच्छ. चौथी वडी चौथ्या दिवशी खाण्याचं धाडस मी करणार नाही. साखर जॅमपेक्षा बरीच कमी आहे आणि दुपारी ऊन आता तापायला लागलं आहे. ती काल रात्रीच ह्यांना दिली. डब्यावर चिठ्ठी लावायची : तीन दिवसांत संपवा.

१६ फेब्रुवारी, रविवार

दुसरा डबा. या वेळी वड्या पाडल्याच नाहीत. अख्खा तुकडा पुठ्ठ्यावर ठेवून, बटर पेपरात गुंडाळून, डब्यात घट्ट बसवला. मोकळ्या कोपऱ्यांत कागदाचे बोळे. सोबत निरोप : पोचल्यावर तासभर तशीच ठेव, मग काप.

रात्री फोटो आला. वसतिगृहातल्या स्टीलच्या ताटात सोळा वड्या, कडा जरा वाकड्या, पण चुरा वरच्या वर. खाली तिने लिहिलं होतं, "आजीला सांग, इथे कुणालाच पेरू ओळखता आला नाही." सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांनी फोटो दोन बोटांनी मोठा करून बराच वेळ पाहिला आणि मग म्हणाल्या, "वड्या पाडायला शिकवली पाहिजे तिला."

२ मार्च, रविवार

भिलारहून शेवटची दोन किलो आली. फळ मऊ, लवकर रस सोडणारं. अर्धा किलोला रस वाटीऐवजी सव्वा वाटी सुटला. पेरूही आता मंडईत निवडून घ्यावे लागतात. तरी वजन ४२०वर आणलं की सारण तेच होतं. वजनाचा हा फायदा मला सगळ्यात मोठा वाटतो. फळ रोज वेगळं असतं, तराजू रोज तोच.

मावसभावाला एक ट्रे पाठवला. त्याचा फोन : "ताई, ही आमचीच बारीक स्ट्रॉबेरी?" तीन वेळा विचारलं त्याने.

९ मार्च, रविवार

स्ट्रॉबेरी संपली. मंडईत सासवडकडचे अंजीर आले आहेत, मीठा बहार म्हणतात त्या उन्हाळी हंगामाचे. पुरंदरच्या अंजिराला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण मला त्याचं कौतुक त्याच्या नाजूकपणामुळे आहे. संध्याकाळपर्यंत उभं राहत नाही इतकं हळवं फळ. म्हणूनच त्याचं सारण करून ठेवण्यात अर्थ आहे.

अंजिरात पाणी स्ट्रॉबेरीपेक्षा कमी, साखर जास्त, आंबटपणा जवळजवळ नाहीच. म्हणजे साखर १३०वरून ६०वर आणायची, लिंबू दुप्पट. पेरू लागेल की नाही ते आज ठरेल. वरच्या चुऱ्यात ओट्सच्या जागी भाजलेल्या तिळाचं जाडसर कूट घालावं असं सासूबाईंचं म्हणणं आहे, आणि मला ते पटतं आहे.

पाच वाजता अर्धा किलो अंजिराच्या फोडी साखर लावून झाकल्या. सहाला उपसायच्या, रस मोजायचा.

सहा वाजून पाच मिनिटं : रस जेमतेम तीन चमचे.